बाकी खरी सांग

बाई, तुम्ही गेलात त्याला फार वर्षं झाली. काल नातीनं तुमची ती संख्या संगणकात घातली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं : मूळ संख्या. ती हसली.

पंच्याहत्तरचा उन्हाळा. कॉलेजला सुट्टी लागलेली, आणि तुमचं पोटाचं दुखणं वाढत चाललेलं. तुमच्या भावानं मला दारातच थांबवलं. "अक्काला काय बोलायचं न्हाई बरं का. अल्सर हाय म्हणून सांगितलंय आमी. डॉक्टरनी हात टेकलेत." मी मान हलवली. आत खिडकीला ओला पंचा लावलेला, तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पाटी. "एकतीस वेळा दोन घेऊन गुण, आणि शेवटी एक काढून टाक," तुम्ही म्हणालात. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हिला कशानंच भाग जात नाही, हे पुस्तकात होतं. "बाई, हे तर कधीच सिद्ध झालंय," मी म्हटलं. "झालंय की. मला कुणाला दाखवायचंय?"

हिला नि:शेष भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला बासष्टनं भागल्यावर एकच उरायला हवा, हे तुम्ही समजावून दिलंत. तशी पहिली संख्या तीनशे अकरा. भागलं, बाकी पस्तीस. मग पुढची. हिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे शेहेचाळीस हजारांच्या वरपर्यंत जायचं होतं. कळ आली की तुम्ही खाटेची कड धरता, मी थांबते, आणि तुम्ही नुसत्या बोटानं खूण करता : चालू ठेव. वहिनींनी आणलेली आंबील तशीच निवून जाते.

एका दुपारी तुम्हाला पाटी धरवेना. मी भागत होते, तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मी बाकी सांगितली.

"खरी?"

"खरी, बाई."

"मग आता हेही खरं सांग. घरात सगळे म्हणतात बरं होईल. मी मरणार का गं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी हो म्हटलं. "लवकर?" त्यालाही हो म्हटलं. तुम्ही पाणी मागितलंत, नुसती चूळ भरलीत. तोंड पुसून म्हणालात, "पुढची घे."

दुसऱ्या दिवशी तुमचे भाऊ दारात उभे होते. "कुणी सांगितला होता शाणपणा? कालपासनं अक्कानं तोंडात काय घेतलं न्हाई. परत हितं पाऊल टाकू नको." मी पायरीवरूनच फिरले. तुम्ही गेल्याचं कॉलेजच्या शिपायानं सांगितलं, तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

पुढे मी गणितच शिकवलं. तुमच्या घरात आता दुसरं कुणी राहतं, हे पत्र टाकणार तरी कुठं? घरात एवढी मोठी माणसं होती, बाई, आणि ते तुम्ही एकोणीस वर्षांच्या पोरीला विचारलंत. त्याचा मला अजून राग येतो.