लाल शेरा

३ मार्च
कॉलेज सोडून दोन महिने झाले. बाबा म्हणतात, पळालास. पळालो नाही. लॅबच्या सरांशी तात्त्विक वाद झाला, त्यात एक स्टूल खिडकीबाहेर गेलं, एवढंच. आजपासून फोन कंपनीत नोकरी. लोकांच्या कॉलचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे ऐकायचे आणि शेरा मारायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. कागदोपत्री नाव ‘सेवा सुधारणा’. काचेपलीकडे एक सरकारी साहेब बसतात, आमचीच कॉफी पितात. ते इथे कशाला, असं विचारलं. आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, भाडेकरू समज.
संकल्प: तिला कायमचं विसरणे.

७ मार्च, स. ११.२०
लाखो तुकड्यांतून तिचा आवाज माझ्याच हेडफोनमध्ये! याला योगायोग म्हणणारा माणूस कधी प्रेमात पडलेला नसणार. आईला सांगत होती, सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये निवड झाली, आता फक्त पडताळणी बाकी. तेवढ्यात वीस सेकंद संपले. शेजारचा टकल्या म्हणाला, लाल दे, त्या नंबरचे सगळे कॉल मग तुझ्याकडेच येतात. दिला. कारणांच्या यादीत ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ने कुणाचं काय बिघडणार?

१२ मार्च
रोज दहा-बारा तुकडे. सर्दी झालीय तिला. मैत्रिणीला म्हणाली, तो वाईट नव्हता गं, पण माझं कधी ऐकूनच घ्यायचा नाही.
आता बघ म्हणावं! रोज आठ तास ऐकतो.
लाल शेरा दर दोन दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. मारतो. नात्यात सातत्य हवं.

१९ मार्च
मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, पोरगा मन लावून काम करतो. बाबांनी लगेच मावशीला फोन केला. (हिरवा असावा.)
संकल्प: तिला नेमणूकपत्र मिळालं की अचानक भेटून अभिनंदन. शर्टाला इस्त्री.

२४ मार्च
ती रडतेय. पडताळणीत नापास. कारण सांगता येत नाही म्हणे. आई विचारतेय, कुणाचं काय वाकडं केलंस गं तू? शेवटी आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस, मामालासुद्धा नको.
डोकंच फिरलं. हे ज्याने केलं त्याचा गळा धरायचा! थेट काचेपलीकडे घुसलो. साहेब शांत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिचा नंबर, नऊ लाल शेरे, प्रत्येकापुढे माझा कर्मचारी क्रमांक. म्हणाले, आम्हाला काय स्वप्न पडतं? तुम्हीच कळवलंत. काढून टाका, म्हटलं. म्हणाले, सिस्टिम कंपनीची. मॅडम म्हणाल्या, यादी सरकारची. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि एकाच किटलीतून कॉफी ओतून घेतली.

२५ मार्च
इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. तिने दार उघडल्यावर तोंडातून एवढंच निघालं, लॅबची नोकरी गेली ना, फार वाईट वाटलं.
ती म्हणाली, मी फक्त आईला सांगितलंय. फोनवर.
मग म्हणाली, तू हल्ली काय काम करतोस रे?
सेवा सुधारणा, म्हणालो.
दार आपटलं नाही तिने. हळूच लावलं.

२६ मार्च
दिवसभरात तिचा एकच तुकडा. चार सेकंदांचा. आईला म्हणाली, घरी आल्यावर बोलू, फोनवर नको.
नंतर काही नाही. शिफ्ट संपली तरी हेडफोन लावून बसलो होतो. जाता जाता टकल्याने विचारलं, एवढं काय ऐकतोयस?
काही नाही, म्हटलं.