एक माणूस दवाखान्यात गेला

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला आणि मामींचा राग दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत (हे वाक्य हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, पुढचं वाचून झाल्यावर तुम्हीच खोडा).

गेल्या खेपेला तुम्ही आमच्या चिमणीला जो विनोद शिकवून गेलात, त्याची तक्रार करायला बसलो आहे. माणूस छत्री घेऊन का निघाला? पाऊस होता म्हणून. एवढं बोलून तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. पाच वर्षांची पोर, तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तीही हसली. नंतर मात्र तिने हिला भंडावून सोडलं, की यात हसायचं कुठे. शेवटी हिने भांडी विसळता विसळता सांगितलं, की लोकांना वाटतं एक आणि होतं भलतंच, म्हणून हसायचं. पोरीने त्याची खूणगाठ बांधली.

पाठोपाठ माझ्या पोटात खरी गाठ निघाली. मी शिंपी माणूस, आयुष्यभर कात्री चालवली. पण आपल्यावर चालणार म्हटल्यावर घरातली कात्रीसुद्धा नजरेआड ठेवली. डॉक्टर म्हणाले किरकोळ आहे (म्हणताना ते फाइलकडे बघत होते). भूल देणाऱ्या बाईंना मी इतक्यांदा विचारलं, माणूस नक्की उठतो ना, की त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला आत्ताच झोपवू का?

आदल्या संध्याकाळी ही पोरीला घेऊन वॉर्डात आली. पोर खाटेवर चढली आणि म्हणाली, "बाबा, जोक सांगते. एक माणूस दवाखान्यात गेला."

मी खाटेचा गज घट्ट धरला. "मग?"

"मग घरी आला."

शेजारच्या खाटेवरचे मास्तर घोरायचे थांबले. पोर माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली. मी विचारलं, बाळा, यात हसायचं कुठे?

"घरी सगळ्यांना वाटतंय तू येणार नाहीस. आणि तू येतोस. म्हणून."

ही खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर नुसती पाण्याची टाकी होती. मामा, मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. दात वाजायला लागले. पोरीला वाटलं मी हसतोय. ती इतकी खूश झाली, की तिने तोच विनोद अख्ख्या वॉर्डाला ऐकवला. मास्तरांनी तर दोनदा सांगायला लावला.

तर, आलो मी घरी. दारातच पोरीला म्हटलं, सांग तुझा जोक. तर म्हणते, आता काय उपयोग, आता सगळ्यांना माहीत आहे.

तुमचा घाबरट भाचा

ता. क. टाके अजून ओले आहेत, हसलं की ओढतात. तेव्हा ते निघेपर्यंत तुम्ही इकडे फिरकू नये, ही हात जोडून विनंती.

आणखी एक ता. क. गाठ तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. हिला सांगितलंय, मी एकटा जाऊन आणतो, त्यात काय एवढं. मामा, गुरुवारीच या. सहज आलो म्हणा. तिला ते खरं वाटायचं नाही, पण ती काही बोलणार नाही.