मधल्या जोड्या आणि उजवा हात

१२ जानेवारी, रविवार
अकोल्याहून परत. दादाकडच्या पोकरमध्ये आज पुन्हा हातातली नव्वीची जोडी टाकली, म्हणजे डाव सोडला. टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्या पाचांपैकी पहिल्या तीन पानांत राणी आली, दादानं बोली चढवली आणि पैशांच्या जागी ठेवलेल्या चिंचोक्यांच्या ढिगाशेजारी त्याचा उजवा हात थरथरला. म्हणजे जोडीची राणी त्याच्याकडेच. वहीत नोंद : ९-९, राणी, उ.हा., टाकली. हा चौथा रविवार.

पानं पिसता पिसता दादा म्हणाला, "शोभे, कॉलेजात पोट्ट्यायले संभाव्यता शिकवते आन् इथं राणी दिसली की पळते!"
शेजारचे गवई सर (निवृत्त हेडमास्तर, माझ्याहून भित्रे) : "जाऊ द्या ना भाऊ, बाईनं चिंचोके तरी वाचवले."

१५ जानेवारी, बुधवार
पेपर तपासायचे सोडून याच विचारात. एक्क्याची किंवा राजाची जोडी स्वतःच खेळते. दुरी-तिर्री टाकताना जीव अडकत नाही. सत्ती ते दश्शी, या मधल्या जोड्या माणसाची परीक्षा घेतात. आपल्या जोडीचं तिसरं पान पहिल्या तिनांत येणं साडेआठ वेळांत एकदा. नव्वीवर मोठं पान येणं पाचांत जवळपास चारदा. म्हणजे राणी दिसणं ही बातमीच नव्हे.
आमच्यात बोली बांधलेली. आधी दोन-दोन चिंचोके, शेवटच्या दोन फेऱ्यांत चार-चार, चढवायचं तर तेवढ्यानंच. शेवटपर्यंत बघणं महाग नसतं. मग दोनाचे चार झाले की मी का टाकते? चिंचोक्यांची भीती नाही. चूक असून धरून बसले असं दिसेल, त्याची.
रविवारी मोजून खेळायचं. आपणच आधी चढवायचं, समोर एकच उरला तर शेवटचं पान पाहायचं. हाताकडे बघून ठरवायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार
अठ्ठीची जोडी आली. चढवलं. मीनावहिनी आणि सर गळाले, दादा राहिला. राजा, सत्ती, तिर्री. दादानं दोन लावले, मी दिले. पंजी. चार लावले. हात थरथरत होता. दिले. गुलाम. पुन्हा चार. तेही दिले.
दादानं पानं उलटली : एक्का-दश्शी. काहीच नाही.
"धरली व आज!" वहिनीनं टाळी वाजवली. दादा हसत होता. मी ढीग ओढायला विसरले.
डाव संपला होता, पानं उघडी होती, आणि हात थरथरतच होता.

२० जानेवारी, सोमवार
वही काढून बसले. 'उ.हा.' अशा नऊ नोंदी, कालची सोडून. नऊही वेळा मी टाकली. म्हणजे दादाची पानं मी एकदाही पाहिली नव्हती! न पाहिलेल्या पानांवर नियम बांधला. एखाद्या विद्यार्थ्यानं असं काम आणलं असतं तर वही परत केली असती.
त्याहून वाईट हे, की महिनाभर सख्ख्या भावाचा हात थरथरताना पाहिला आणि मला त्यात फक्त पानं दिसली.

२६ जानेवारी, रविवार
कमी खेळले, जास्त पाहिलं. चिंचोके उचलताना हात स्थिर. टेबलावर नुसता ठेवला की सुरू. चहाचा कप डाव्या हातात.
सर गेले. मी अमरावतीहून नेलेले दह्यातले गिले वडे वहिनी आत वाढत होती. तेवढ्यात विचारलं.
"कधीपासून?"
"काय?"
"हात."
"थंडी हाय बा." मग खाली बघून, "दिवाळीपासून. चिमटा धरला की थांबते. एक तरी घड्याळ बिघडलं काय माझ्या हातून?"
"डॉक्टरला दाखव."
"आन् त्यानं काही नाव सांगतलं तं? जठारपेठेत एकाच्या कानावर गेलं की मले कोण घड्याळ देईन? मीनाले सांगू नको."
'बरं' म्हटलं आणि वडे आणायला आत गेले. हे टाकणंच झालं.

२९ जानेवारी, बुधवार
इथं अमरावतीतच मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, म्हणजे जठारपेठेत कळणार नाही. ७ तारीख, दुपारी चार. दादाला न विचारता. बरोबर केलं का? वहिनीला सांगितलेलं नाही, तेवढा शब्द पाळते आहे. आजार आहे की नाही, मला माहीत नाही. पुन्हा न पाहिलेली पानं. पण म्हणूनच तर...

२ फेब्रुवारी, रविवार
दादाला वेळ घेतल्याचं सांगितलं. भडकला. "तुले कोणं सांगतलं होतं शहाणपण? पुढच्या रविवारपासून येऊ नको!" पत्ते गोळा करून डब्यात टाकले. वहिनी दारात, "काय झालं व?"
"काही नाई. हरली म्हून रुसली," दादाच म्हणाला. मी खोडलं नाही.
बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत रडू. नंतर डोकं चालायला लागलं. येऊ नको असं तो जन्मात म्हणाला नव्हता. मी टाकावी म्हणून दोनाचे चार केलेत त्यानं. मी टाकते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा टाकली. सकाळच्या बसनं अकोला. त्याच्या जठारपेठेतल्या दुकानासमोरच्या टपरीच्या बाकावर बसून लिहिते आहे.
मला पाहताच डोळ्याला भिंग लावून त्यानं मान खाली घातली. घाईचं काम आहे म्हणे. पुढ्यात घड्याळ नाही, इथून स्वच्छ दिसतं.
वहिनी येऊन गेली. "आत ये ना व, बाहेर काहून बसली?" इथंच बरी आहे म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाकडे. आणि परत गेली. तिलाही दिसत असेल का हात? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
चहा दुसरा. अमरावतीची बस पाऊणला.
आत्ता भिंग काढलं त्यानं. उजवा हात काउंटरवर ठेवलाय, उघडा. मागच्या रविवारी मला पाहताच खिशात घातला होता. माझ्याकडे बघतोय.
शेवटचं पान पाहायचं ठरलंय. मी बाकावरून उठलेले नाही.