पट्टीवरची दुसरी रेघ

आई, तुझा कशावरच विश्वास नव्हता. चांदे गावच्या डेअरीत दूध घालताना तू मापाकडे डोळे वटारून उभी राहायचीस, आणि डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तेव्हा म्हणालीस, "त्येंना काय, पैसं काडायचं हायेत." पुढं पाय सुजले, नव्या चपलेत मावेनात, तर भर बाजारात दुकानदारालाच झापलंस, "चामडं आटलंय तुमचं. माज्या पायांना काय धाड भरलीय?" मी शेजारी मान खाली घालून उभी आहे, आणि तू दुसरी जोडी मागतेयस. तुझ्या मूत्रपिंडांनी तेव्हाच हात टेकले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मला त्याचा अजून राग येतो. तुझाच.

आता मी हिंजवडीजवळच्या एका छोट्या कंपनीत त्याच आजाराच्या तपासणीच्या पट्ट्या बनवते. तुला पटायचं नाही, पण त्यांत सोनं असतं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण केले की सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात लालभडक दिसतं. लघवीतून प्रथिनं जात असतील तर हे कण पट्टीवर ठरल्या जागी अडकतात आणि नेहमी येणाऱ्या पहिल्या रेघेशेजारी दुसरी लाल रेघ उमटते. पट्ट्यांचा प्रत्येक नवा लॉट तपासताना एका निरोगी माणसाच्या लघवीचा नमुना लागतो. आमच्याकडे तो पहिल्यापासून माझाच. गेल्या महिन्यात त्यावर पुसटशी दुसरी रेघ आली. मी लॉट बाद केला. पुढच्या लॉटवरही आली, तोही बाद. जरा क्षार लागला तरी हे सोनं बिघडतं, म्हणून आधी पाण्यावर संशय घेतला, मग काचेच्या भांड्यांवर, आणि शेवटी भांडी धुणाऱ्या पौडच्या मुलीवर. रोज तिची उलटतपासणी. तिसऱ्या लॉटला तिचा धीर सुटला.

"मॅडम, भांडी लई सोच्छ हायेत. दर येळी तुमचंच कशाला? एकदा माजं घेऊन बगा की."

घेतलं. तिच्या पट्टीवर एकच रेघ. मग बाद केलेल्या दोन्ही लॉटच्या पट्ट्या काढल्या. तिची सगळीकडे एकच, माझी सगळीकडे दोन. तीन लॉट चांगले होते, आई. मी मात्र स्वतःला निरोगी धरून जगभर चोर शोधत होते. ती पोरगी पट्ट्या गोळा करून निघून गेली. मला तिची माफी मागायलाही सुचलं नाही.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहवतंय. घरात कुणाला सांगितलं असतं, तर त्यांनी मला हाताला धरून नेलं असतं. आज सकाळी त्या मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, दवाखान्यात जाऊन आलात न्हवं?" मी म्हटलं, "हो, सगळं ठीक आहे."

मी गेलेच नाहीये.