भट्टीचा रीतसर अर्ज

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू वकील आहेस, तेव्हा हे पत्र अशिलाचं समज. फी मागू नकोस. तुझे भाऊजी न्हाणीघरात दारू गाळतात. हो, नीट वाच. रंगाच्या कारखान्यातल्या तपासणी विभागातून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं खुर्चीला चिकटून होते, म्हणून मीच म्हटलं, काहीतरी छंद लावून घ्या. विकतचं दुखणं!

माझ्या मोठ्या कुकरवर शिटीच्या जागी तांब्याची नळी बसली आहे, बादलीत सफरचंदांचा रस आंबतोय आणि अंघोळ करायची तर आधी भट्टीची परवानगी घ्यावी लागते. शेजारच्या शिंपीणबाईंनी परवा विचारलं, घरात कुणी आजारी आहे का, स्पिरिटचा वास येतो. मी हो म्हटलं. काय खोटं बोलले?

हे म्हणतात, विकत नाही, कुणाला पाजत नाही, स्वतःपुरता छंद. त्यात कायदा कुठे आला? खरंच येत नाही का? उलट टपाली कळव.

लोभ आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायदा येतो. आपल्याकडे फळांचा रस आंबवून घरापुरती वाइन केली तर सहसा कुणी विचारायला येत नाही. पण तोच रस शेगडीवर चढवून वाफ गार करून धरली, की झालं दारू गाळणं. मग थेंब असो की पिंप, विका की ओतून द्या, परवाना लागतो. शिवाय ती वाफ पेट घेते, आणि तुमच्या न्हाणीघराची खिडकी केवढी आहे ते मला माहीत आहे. भाऊजींना म्हणावं, आजच नळी काढा. छंदच हवा तर बुद्धिबळ खेळा.

आशीर्वाद असू द्यावा.
धाकटा

ता. १५ मार्च

चि. वकीलसाहेबांस,
अ. आ.

तुमचं पत्र तुमच्या ताईने मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. बुद्धिबळाचा सल्ला मनाला लागला. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल तपासला. आता स्वतःचा तपासतो, तर घरात आकांत.

असो. परवाना लागतो असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काल अबकारी कचेरीत रीतसर अर्ज दिला. सोबत भट्टीची आकृती, घराचा पत्ता आणि आजवर काढलेल्या चार लिटरांचा तारीखवार तक्ता जोडला आहे. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. कारकून फार आदराने वागला. तक्ता वाचून उभाच राहिला.

ताईचं ऐकावं, पण माझंही विसरू नये.
तुमचे,
भाऊजी

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

वीस वर्षांच्या वकिलीत आकृतीसकट कबुलीजबाब मी पाहिला नव्हता. हात दाखवून अवलक्षण ते हेच! छंदासाठी परवाना मिळतच नाही, कारखान्यांना मिळतो. मी परवाना काढा म्हटलं नव्हतं, नळी काढा म्हटलं होतं! आणि आता नळीला हात लावू नका, नाहीतर पुरावा नष्ट केला असं होईल. कुणी आलं तर भाऊजींनी तोंड उघडायचं नाही. शनिवारी पोचतो.

घाईत आहे, राग मानू नये.
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. ती माणसं कालच येऊन गेली. एक अधिकारीणबाई आणि दोन शिपाई. ह्यांना वाटलं, परवान्याची पाहणी. कोट चढवून न्हाणीघर दाखवलं. बाईंनी पाव तास ऐकून घेतलं आणि विचारलं, यावर दारू काढलीत का. हे म्हणाले, अर्थात! बाईंनी कपाळाला हात लावला.

कुकर, नळी, बाटल्या, सगळं जप्त. बुधवारी कोर्टात हजर राहायचं आहे. बाई पंचनामा लिहायला बसल्या, तर ह्यांनी काय मागावं? बाटलीतली दारू किती टक्के आहे ते सरकारी मापाने मोजून दाखवा! शिपायाने मापाची काचेची नळी बाटलीत सोडली, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ह्यांच्या वहीत बावन्न पूर्णांक चार होतं. तो म्हणाला, काका, तंतोतंत.

हे हटूनच बसले, आकडा पंचनाम्यात लिहा. बाई समजावत होत्या की त्याने तुमचंच नुकसान होईल, मी मोघम लिहिते. ऐकेनात. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निदान बायको तरी शहाणी असेल म्हणून.

धाकट्या, इतक्या दिवसांत ह्यांच्या कशालाही कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी म्हटलं, लिहा.

लोभ वाढवू नकोस. आहे तेवढा कोर्टात दाखव.
तुझी,
ताई