घराचे देणे घराकडे

मी, जेनेव्हीव्ह झालेस्की, वय एक्क्याऐंशी, राहणार हेमलॉक स्ट्रीट, वेस्ट हॅलॉक, लाँग आयलंड, हे मृत्युपत्र स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा लेनर्ड याला त्याबद्दल शंका असल्यामुळे तो मुद्दाम घेतला.

१. राहते घर, मागच्या अंगणासह, माझी मुलगी वांडा हिला. एकटीला. लेनर्डचे म्हणणे असे की घर विकावे, घरपट्टीतले राहिलेले हप्ते वांडाच्या वाट्यातून फेडावेत आणि बाकीचे वाटून घ्यावे. ते मला मान्य नाही. वांडा शाळेच्या खानावळीत काम करते. तिच्या वाट्याला जे येईल त्यात या गावात तिला धड खोलीही मिळणार नाही.

२. हप्ते कसले, तेही लिहून ठेवते, म्हणजे आईने कर्ज मागे ठेवले असे कोणी कोर्टात जाऊन म्हणू नये. माझे पती कॅझिमिर सुतार होते. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. माझ्या भिंतीतून वारा काय, मुंगीसुद्धा शिरणार नाही, असे ते चारचौघांत सांगत. मी थंडी वाजते म्हटले की, तुझा पिंडच थंड, म्हणून मोकळे होत. ते वारल्यावर, घरातली ऊब कुठून निसटते ते तपासायला नगरपालिकेची माणसे आली. त्यांनी पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि घर जागोजागी शीळ घालू लागले. सिंकखालून असा वारा आला की पडदा हलला. मी पोट धरून हसले. जन्माचा वाद जिंकले आणि हार मानायला माणूस समोर नव्हता, म्हणून मग रडलेही.

पण न्याय करायचा तर पुरा करते. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या तेलापायी वांडा आणि मी मेटाकुटीला आलो होतो. घर नीट करायला कर्ज मागितले तर बँकेने माझे वय पाहिले, वांडाचा पगार पाहिला आणि नकार दिला. नगरपालिकेने एवढेच पाहिले की घरपट्टी वेळच्या वेळी भरली आहे का. ती कॅझिमिरनी कधी थकवली नव्हती. रविवारचा कोट चढवून ते स्वतः भरायला जात. त्यांच्या भिंती फुसक्या निघाल्या, पण त्यांची पत पक्की होती. तिच्या जोरावर पालिकेने पैसे घातले, थंडी अडवायला छतात आणि भिंतींत कागदाचा भुगा भरला, बॉयलर बदलला आणि फेड घरपट्टीला जोडून दिली. तेलाचे जेवढे वाचते त्यात हप्ता निघतो आणि वर थोडे उरते.

कागदांवर सही करताना मी नगरसेविका रोझलिंड प्रुइट यांना विचारले होते, मी उद्या मेले तर? त्या म्हणाल्या, "बाई, हे देणं तुमच्या नावावर नाहीच मुळी. घराच्या नावावर आहे. जो इथे उबेत झोपेल त्यानं भरायचं." कचेरीतल्या माणसाच्या तोंडून इतके शहाणे बोलणे मी दुसरे ऐकले नाही.

३. माझा निळ्या फुलांचा कॉफीचा संच रोझलिंड प्रुइट यांना. त्या आता निवृत्त आहेत, तेव्हा भेट स्वीकारायला हरकत नसावी. ही योजना त्यांनी सभेमागून सभा चिकाटीने लढवली. आमचा शेजारी गस फेरांटे एका सभेत उभा राहून ओरडला होता, "आज दारात पंखा लावताहेत, उद्या आमच्या गोधड्या मोजतील." त्यांनी आवाज न चढवता त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावले. पुढे गसच्या दारातही पंखा लागला. बायकोने ऐकले नाही, असे तो सांगतो.

कॅझिमिरचे रंधे, पटाश्या आणि करवती गसला. अर्धी हत्यारे तशीही त्याच्याकडेच आहेत. उरलेली त्याने राजरोस न्यावीत.

४. बँकेतली शिल्लक, माझा अंत्यविधी उरकून राहील ती, लेनर्डला. त्याला कमी वाटेल याची मला कल्पना आहे.

५. लेनर्ड, हे कलम तुझ्यासाठी. शाळा संपताच तू फ्लोरिडाला निघालास. बसथांब्यावर म्हणालास, "आई, मला त्या खोलीत रात्रभर झोप लागत नाही गं. थंडीनं मरतो मी." मला वाटले, पोराला आमचा कंटाळा आलाय आणि हा थंडीचे निमित्त करतोय. तो राग मी आजवर जपला. कामगारांनी तुझ्या खोलीची भिंत उघडली तेव्हा मी तिथेच उभी होते. तुझ्या पलंगामागे नुसत्या फळ्या होत्या, आत काहीच नव्हते. तो राग मी या कलमाने मागे घेते.

ती खोली वांडाच्या मालकीची असली तरी तिने ती भावासाठी राखून ठेवावी. लेनर्डने न कळवता यावे, आणि यावे ते जानेवारीतच. एक रात्र तिथे झोपावे. सकाळी उठल्यावरही घर विकावेसे वाटले, तर वकिलाकडून नव्हे, बहिणीसमोर बसून सांगावे.

सही: जेनेव्हीव्ह झालेस्की

बाईंनी हे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले आणि आमच्या देखत सही केली. शेवटचे कलम वाचताना त्या दोनदा थांबल्या.

साक्षीदार:
हेलेन ब्रॉफी, ग्रंथपाल
एमिल स्टॅडलर, औषध दुकानदार

वेस्ट हॅलॉक, १२ फेब्रुवारी २०१९