डाव्या मनगटाचा पट्टा

येलहंका, बंगळूर, १ मार्च
चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद.
तुझा फोन कंपनीचा, म्हणून पत्र धाडते. चोरून वाचायला निदान पाकीट तरी फाडावं लागेल. महिला दिनाला तुमच्या ऑफिसात मी स्त्रीशक्तीवर बोलावं म्हणतोस? करमणूक झाली. हे पत्र आणणारी सावित्रीबाई, आमची शेजारीण, तुमचाच तिसरा मजला पुसते. तिच्या डाव्या मनगटाला तुम्ही बांधलेला हालचाल मोजणारा पट्टा म्हणतो, बाई अर्धा दिवस रिकामी बसते. म्हणून महिनाअखेर तिला घरी पाठवणार. अरे शहाण्या, ती उजव्या हातानं पुसते! डाव्यात बादली असते. साहेबांना मात्र पट्टा नाही. त्यांचे थोर विचार मनगटात मावत नसतील. येते मी. बोलते.
लोभ आहेच, तूर्त रागाखाली दबलाय.
तुझी अक्का

व्हाइटफील्ड, ३ मार्च
ती. अहल्याअक्कास सा. न. वि. वि.
अक्का, स्वल्प दमानं. पट्ट्याला राग-लोभ नाही. नियम सर्वांना सारखा. ‘सर्वांना’ म्हणजे कोणाला, हे व्यासपीठावरून विचारू नकोस. डाव्या हाताचा नियम वरून आला. घरी पाठवायच्या यादीवर मी फक्त सही करतो. महिला दिन रविवारी, म्हणून कार्यक्रम शुक्रवारीच. सकाळी नऊला कॅब येईल.
राग ओसरला की लोभ वर येऊ दे.
सुमंत

व्हाइटफील्ड, ९ मार्च
ती. अक्कास सा. न. वि. वि.
भाषण झकास. आपल्यालाच झोडपलं हे न कळल्यामुळे साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणखी नवल म्हणजे, शुक्रवारी सावित्रीबाई सगळ्या इमारतीत पहिली आली! यंत्राच्या मते अकरा ते बारात तिनं दोन मजले पुसले. साहेबांनी प्रशस्तिपत्र दिलं, यादीतून नाव काढलं. आज मी कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. त्या तासात बाई पहिल्या रांगेत पेढा खात बसलीय आणि तू हात उडवत बोलतेयस. तुझ्या उजव्या मनगटावर तो काळा पट्टा कुणाचा? आता तोच वेग चाळीसही बायकांनी रोज गाठावा, असा हुकूम माझ्या सहीसाठी आलाय. खरं सांगावं तर तिची नोकरी जाते. गप्प बसावं तर चाळीसजणींची.
काय करू, तेवढं कळव.
सुमंत

येलहंका, ११ मार्च
चि. सुमंतास आशीर्वाद, कमावलेस तर.
पट्टा मीच मागून घेतला. गुन्हा माझा, साहेबांच्या नावे तसं लिहून सोबत दिलंय. फरशीला बोट न लावता पन्नास मिनिटं बडबडले आणि तुमच्या यंत्राला मी कष्टाळू वाटले! सावित्रीबाईला प्रशस्तिपत्र नको, पट्टा उजव्या हाताला हवाय. सोमवारी तू स्वतःच्या नावानं एक पट्टा काढ. डाव्या मनगटाला बांध, खुर्चीत बस, तुझं मोलाचं काम कर. मग वाटेल तिथे सही कर.
तुझी अक्का

व्हाइटफील्ड, १७ मार्च
ती. अक्कास सा. न. वि. वि.
काल पट्टा बांधून कामाला बसलो. दुपारपर्यंत मला रिकामा बसल्याचे तीन इशारे आले. संध्याकाळी यंत्रानं घरी पाठवायची नवी यादी काढली. पहिलं नाव माझं. हुकूम आणि यादी, दोन्ही सही न करता वर पाठवलं. तुझं पत्रही जोडलं. नोकरी गेलीच तर येलहंक्याला येतो.
आज सावित्रीबाई पट्टा उजव्या हाताला बांधून आली. मला काही दिसलं नाही.
लोभ असू दे, दोन्ही हातांनी.
सुमंत